शब्दचर्चा : 'स्कूल चॉइस', 'व्हाउचर' आणि मंडळी

भाषांतरपाटी
अमेरिकेतल्या शिक्षणधोरणावरील लेखाच्या भाषांतरात चार शब्द अडलेत : स्कूल चॉइस, व्हाउचर, चार्टर स्कूल, कॉन्झर्व्हेटिव्ह. तूर्त 'शाळानिवड', 'सनदी शाळा' आणि 'पुराणमतवादी' असे लिहिले आहे. व्हाउचरची जागा कोरी आहे.

समासचक्र
'शाळानिवड'चा विग्रह करून पाहा. पालकाने केलेली शाळेची निवड, हा एक. शाळेने केलेली (मुलांची) निवड, हाही तितकाच बसतो. एरवी याला काथ्याकूट म्हटले असते, पण सगळा वाद नेमका इथेच आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 1990 साली सुरू झालेल्या व्हाउचर योजनेत (सरकारी पैशाने मुलाला खासगी शाळेत घालायची सोय) जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर खासगी शाळेला चिठ्ठ्या टाकूनच प्रवेश द्यावे लागतात, मुले वेचून घेता येत नाहीत. अ‍ॅरिझोनाच्या योजनेत तसे बंधन नाही. तिथली खासगी शाळा प्रवेश नाकारू शकते आणि सरकारकडून मिळणाऱ्या रकमेहून जास्त फीही लावू शकते. वरचा फरक पालकाने भरायचा. म्हणजे नाव एकच, पण निवडणारा बदलला. मथळ्यात 'शाळानिवड' चालेल. मजकुरात निदान पहिल्यांदा तरी 'पालकांचे शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य' असे लांबलचक लिहाच.

दर्शनी
व्हाउचरला 'शिक्षणहुंडी' का नको? ओहायोतल्या क्लीव्हलंड शहराच्या योजनेत धनादेश पालकाच्या नावे निघे आणि पालक त्याच्या पाठीवर सही करून तो निवडलेल्या खासगी शाळेकडे वर्ग करी. कमी उत्पन्नाच्या घराला फीच्या 90 टक्के, कमाल 2,250 डॉलर. हे पृष्ठांकन हुंडीचेच झाले. आणि त्याला किरकोळ कारकुनी समजू नका, सरकारी पैसा धार्मिक शाळांत जातो म्हणून झालेल्या खटल्यात योजना त्यावरच तरली. 1999-2000 मध्ये योजनेतली 96 टक्के मुले धार्मिक शाळांत होती. तरीही 2002 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी योजना वैध ठरवली, कारण पैसा त्या शाळेत सरकारच्या नव्हे, पालकाच्या निर्णयाने पोचतो. म्हणून काहीही लिहा, पण 'अनुदान' लिहू नका. अनुदान शाळेला मिळते. तसे लिहिले की निकालपत्रातला युक्तिवादच उलटा होतो.

चिकित्सक
मुद्दा मान्य, शब्द अमान्य. 'हुंडी' म्हटले की निम्म्या वाचकांना तिरुपती आठवेल. शिवाय हुंडीचे रोख पैसे मिळतात, याचे मिळत नाहीत.

'व्हाउचर' तसाच ठेवावा, पण एक खड्डा आहे. आपल्या कचेऱ्यांत व्हाउचर म्हणजे खर्च झाल्यावर जोडायचा कागद. इथे तो खर्चाच्या आधी हातात येतो. तेव्हा पहिल्या वापरात फोड द्या : 'पालकाच्या नावे निघणारे, फक्त फीसाठी वटणारे सरकारी पत्र'. आणि आरटीईच्या 25 टक्के जागांना व्हाउचर म्हणण्याचा मोह टाळा. तिथे ऑनलाइन सोडत, घरापासूनचे अंतर आणि नंतर सरकारकडून थेट शाळेला शुल्कप्रतिपूर्ती, तीही थकत थकत. पालकाच्या हातून पैसा जातच नाही.

अ‍ॅरिझोनाच्या योजनेसारख्या 'एज्युकेशन सेव्हिंग्ज अकाउंट'चे 'शिक्षण बचत खाते' करू नका, वाचकाला वाटेल पालकांनीच पैसे साठवले. त्यात राज्य पैसे भरते. त्या मुलामागे चार्टर शाळेला (सरकारी पैशाने, करारावर चालणाऱ्या) जे मिळाले असते त्याच्या सुमारे 90 टक्के. त्यातून फी, शिकवणी, पुस्तके, उपचारतज्ज्ञ असा मंजूर यादीतला खर्च करायचा. बदल्यात मुलाने सरकारी शाळेतली जागा सोडायची. यादीबाहेरची खरेदी चालत नाही. अ‍ॅरिझोनात 2011 साली ते अपंग मुलांसाठी निघाले, 2022 मध्ये सर्वांना खुले झाले. 'शिक्षणखर्च खाते' म्हणा.

समासचक्र
'सनदी शाळा' छान आहे, कारण तिथे सनद खरोखरच असते : ठरावीक मुदतीचा करार, निकाल वाईट लागले तर नूतनीकरण नाही. फक्त तिला 'खासगी' म्हणू नका. पैसा सरकारी, फी शून्य. पहिला कायदा मिनेसोटाचा, 1991. 'पब्लिक स्कूल' दिसले की 'सरकारी शाळा' लिहा. आपल्याकडची बहुतेक 'पब्लिक स्कुले' भरपूर फी घेतात.

उजवा_कान
'पुराणमतवादी' मात्र काढाच. ती मराठीत शिवी आहे, आणि इथे चूकही. व्हाउचरची कल्पना अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 च्या निबंधात मांडली : शिक्षणाला पैसा सरकारने द्यावा, शाळा सरकारनेच चालवली पाहिजे असे नाही. ते स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवत नसत. त्यांना 'मुक्तबाजारवादी' म्हणा. मुलांना चर्चच्या शाळेत घालू पाहणारे पालक ते 'परंपरावादी'. तिसरा गट भाषांतरात हमखास हरवतो : ग्रामीण भागातले रिपब्लिकन. लहान गावात सरकारी शाळा हीच बऱ्याचदा सर्वांत मोठी नोकरी देणारी संस्था, आणि पर्यायी खासगी शाळा जवळपास नसतेच. त्यामुळे नोव्हेंबर 2023 मध्ये टेक्सासच्या विधानसभेत 21 रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांबरोबर मत देऊन व्हाउचरची तरतूद 84 विरुद्ध 63 ने वगळली. पुढच्या पक्षांतर्गत निवडणुकीत गव्हर्नर अ‍ॅबट यांनी अशांविरुद्ध उमेदवारांना बळ दिले, आणि 2025 मध्ये 1 अब्ज डॉलरची योजना मंजूर झाली. हे सगळे 'पुराणमतवादी' म्हटले तर वाचकाला कळणारच नाही की भांडण घरातलेच होते. पक्षाबद्दल बोलायचे तेव्हा 'उजवे' पुरे.

फोंडेकर
'उजवे' म्हणताना गोव्याचा वाचक डोळ्यासमोर ठेवा. इथे 1990 पासून प्राथमिक स्तरावर अनुदान मराठी-कोकणी माध्यमाला होते. 2011 मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले आणि त्या बाजूची घोषणा होती 'माध्यम निवडण्याचा पालकांचा हक्क'. विरोधात उभा राहिला भारतीय भाषा सुरक्षा मंच, त्याच्या नेतृत्वात होते संघाचे तेव्हाचे गोवाप्रमुख सुभाष वेलिंगकर. अमेरिकेत जो युक्तिवाद उजव्यांचा, तो इथे त्यांच्या विरोधकांचा. 'उजवे म्हणजे पालकनिवडीचे समर्थक' असे समीकरण गोव्यात सरळ उलटे वाचले जाईल.

भाषांतरपाटी
सर्वांचे आभार, बदल करते. आणखी एकच : 'टॅक्स क्रेडिट स्कॉलरशिप'ला 'करसवलत शिष्यवृत्ती' चालेल का?

चिकित्सक
नको. आपल्या प्राप्तिकरातल्या 80जी मध्ये देणगी उत्पन्नातून वजा होते, म्हणून फायदा फार तर कराच्या दराएवढाच. यात शिष्यवृत्ती संस्थेला दिलेली देणगी थेट करातून कापली जाते. 2025 च्या संघीय कायद्याने 2027 पासून 1,700 डॉलरपर्यंतची देणगी पूर्ण करातून वळती होईल, म्हणजे 1,700 दिले तर करही 1,700 ने कमी. पण राज्याने योजनेत सामील व्हायचे ठरवले तरच तिथल्या शिष्यवृत्ती संस्थांना हा पैसा घेता येईल. 'करवळती शिष्यवृत्ती' ऐकायला ओबडधोबड, पण हिशेब बरोबर सांगते. 'सवलत' म्हटले की वाचक 80जी चाच हिशेब लावेल.