चढावर क्रॉलर मागे उलटते, वजन नेमकं कुठे टाकू?

माझी १/१० स्केलची क्रॉलर आहे, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटवरची छोटी गाडी, १.९ इंची चाकं. घरामागच्या टेकडीवर कातळाचा एक उभा टप्पा आहे, पुढची चाकं वर जातात आणि मग तोंड हवेत उचलून गाडी सरळ पाठीवर पडते. चारही रिमांना शिशाच्या पट्ट्या लावल्यात, स्प्रिंगपण कडक टाकल्यात, तरी तेच. काय चुकतंय?

— मागच्या चाकांतलं शिसं आधी काढ रे. चढावर भार आपोआप मागे सरकतो, त्यात तू अजून भर घालतोयस. पुढची चाकं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर, आणि बघ, एकूण वजनाच्या साधारण ६० टक्के पुढे यायला हवं. बॅटरीही पुढे आण. आणि शिसं हाताळलं की हात साबणाने धू, प्लीज.

— दादा बरोबर सांगतायत, पण कडक स्प्रिंगमुळेही बॉडी उंच राहते. मऊ स्प्रिंग टाक, गाडी जरा खाली बसू दे, म्हणजे खड्ड्यात चाक खाली लोंबून दगडाला टेकतं. फक्त फार मऊ केल्यास थ्रॉटल दिला की मोटरच्या टॉर्कने बॉडी एका बाजूला पिळते, ते बघ. पुढे वजन वाढलं की स्टिअरिंग सर्व्होवर (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) ताण येतो, प्लास्टिक गिअरवाला असेल तर जपून.

— मागचं शिसं काढलं, बॅटरी पुढे घेतली. पाचपैकी तीनदा चढली! स्प्रिंग रविवारी बदलतो.