शब्दचर्चा: ‘अपेक्षित मूल्य’ कुठे चकवतं?

पंचवटीकर: संभाव्यताशास्त्राची टिपणं मराठीत करतोय. ‘अपेक्षित मूल्य’ वाचलं की विद्यार्थी ‘बहुधा येईल ते’ असा अर्थ घेतात. एका फाशाचं अपेक्षित मूल्य ३.५, आणि साडेतीनचं दान तर कधीच पडत नाही. त्याऐवजी ‘दीर्घकालीन सरासरी’ चालेल का?

गंगापूर रोड: नको. सरासरी त्या आकड्याकडे सरकते हा मोठ्या संख्यांचा नियम, म्हणजे सिद्ध करायचं प्रमेय. ते नावातच घातलंत तर सिद्ध काय करणार? व्याख्या एवढीच: प्रत्येक किमतीला तिच्या संभाव्यतेनं गुणायचं आणि बेरीज घ्यायची. कोशी वितरणात (फार टोकाच्या किमतीही बऱ्यापैकी वारंवार येतात असं एक वितरण) ही बेरीजच ठरत नाही. हजार निरीक्षणांची सरासरी काढली तरी ती एकट्या निरीक्षणाइतकीच विखुरलेली राहते.

‘मूल्य’ मात्र सोडू नका. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात प्रश्न होता तो मध्येच मोडलेल्या डावात पणाला लावलेली रक्कम कशी वाटायची हा. १६५७ मध्ये हायगेन्सनं डावात बसण्याची रास्त किंमत काढली. ‘अपेक्षा’ आली ती त्याच्या लेखनाच्या लॅटिन भाषांतरातून. थोडक्यात, मूळ कल्पना मूल्याचीच.

देवळालीकर: खरा घोळ होतो तो ‘अपेक्षित काळ’ म्हटल्यावर. गोदावरीचंच घ्या. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे दर वर्षी १ टक्का संभाव्यतेचा पूर. वर्षं परस्परांपासून स्वतंत्र धरली तर तसा पहिला पूर येईपर्यंतचा अपेक्षित काळ १०० वर्षं. पण तो पूर एव्हाना येऊन गेलेला असण्याची संभाव्यता ६९ वर्षांतच ५० टक्क्यांवर पोचते, १०० वर्षांत ६३ टक्के होते. आणि वर्षं एकेक सुटी पाहिलीत तर सर्वांत संभाव्य वर्ष पहिलंच! दुसऱ्या वर्षी ‘पहिला’ पूर यायचा तर आधीचं वर्ष पुराविना जायला हवं ना. असा पूर यंदा नाशिकच्या गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराची पातळी जिच्यावरून सांगतात त्या मूर्तीच्या) डोक्यावरून गेला तरी पुढच्या वर्षी तोच १ टक्का.

सातपूरकर: यादृच्छिक भ्रमणात, म्हणजे प्रत्येक पाऊल नशिबावर सोडलेल्या चालीत, तर अर्थ पार उलटा होतो. घाटाच्या पायऱ्या वर-खाली न संपणाऱ्या धरा. छापा पडला तर एक पायरी वर, काटा पडला तर एक खाली. १०० फेकींत सुरुवातीच्या पायरीवर एकदा तरी परतण्याची संभाव्यता सुमारे ९२ टक्के, १०,००० फेकींत सुमारे ९९.२. शेवटी परतण्याची संभाव्यता १. चौकटींच्या सपाट जाळीवरही ती १ असते. त्रिमितीत मात्र जेमतेम ३४ टक्के. गणितज्ञ पोल्यानं १९२१ मध्ये दाखवलेला हा फरक मला आजही थक्क करतो.

तरीही पायऱ्यांवर परतण्याचा अपेक्षित काळ अनंत! न परतण्याची संभाव्यता फेकींच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, फार सावकाश घटते; अपेक्षित काळ म्हणजे प्रत्येक फेकीपर्यंतच्या याच संभाव्यतांची बेरीज, आणि ती अमर्याद वाढतच राहते. मराठी वाचक मात्र यातून ‘परत येणं अपेक्षितच नाही’ असं समजतो. म्हणून ‘परतकाळाचं अपेक्षित मूल्य अनंत’ असं लिहा. ‘अपेक्षित’ हे विशेषण काळाला नको, मूल्यालाच लागू द्या.

पंचवटीकर: पटलं. सगळीकडे तसा बदल करतो. हिंदीतला ‘प्रत्याशा’ घ्यावा का?

गंगापूर रोड: नको, त्यात ‘आशा’ आणखी ठळक ऐकू येते. फाशाचं उदाहरण मात्र व्याख्येला लागूनच ठेवा.