मोठ्या आईचा गुडघा (घरच्या ग्रुपवरचे मेसेज; वहिनी ज्याइले आई म्हणतात त्याच मोठ्या आई)

सोमवार

वहिनी (सकाळी ७.१०): सगळ्याइले नमस्कार. आई पडल्या. रात्री पाणी आला होता, पहाटे धार काढाले गोठ्यात गेल्या आन चिखलात पाय सरकला. डावा गुडघा आत मुडपला, वरून गव्हाणीच्या दगडावर आदळला. उठून घरात आल्या, पण लंगडत. आता खाटेवर हायत.

आत्या: माय वं! बिब्बा गरम करून लाव लवकर. आन बाजूच्या गावातल्या चोळणाऱ्याले बोलाव, लचक भरली असंन.

ताई (नागपूर): आत्या, हात जोडते, बिब्बा नको. त्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात. असे गुडघे माझ्याकडे उपचाराले आलेले हायत. आतला मार राहतो बाजूले, वरची जखमच भरत नाई. आन चोळणं तर आज अजिबात नको. आत बारक्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील, चोळलं की रक्त आणखी सांडते, सूज वाढते. पहिले तीन दिवस मालिश नाई, शेक नाई, गरम तेल नाई.

वहिनी, मले एवढं सांगा. गुडघा पडल्याबरोबर फुगला का हळूहळू? कट् असा आवाज आला होता का? चार पावलं टाकता येतात का? खाटेच्या काठावर बसून पाय काटकोनात वाकतो का? आन दुखते कुठं, त्याइले एका बोटानं दाखवाले सांगा.

वहिनी: आवाज नाई म्हणतात. पडून दोन तास झाले, थोडासाच सुजला. चालता येते, भिंत धरून. काटकोनापर्यंत वाकते, पुढं नाई. बोट वाटीवर ठेवलं, आन दुसरं आतल्या अंगाले, दोन्ही गुडघे एकमेकाले लागतात तिथं.

ताई: मंग दोन मार हायत. वाटीवरचा मुका मार, दगडाचा. तो दिसाले भयंकर दिसंन, पण लवकर बरा होते. आतल्या अंगाचं दुखणं म्हणजे मुरगळ. मांडीच्या हाडाले नडगीच्या हाडाशी बांधून ठेवणारा पट्टा असते, लिगामेंट म्हणतात त्याले. गुडघा आत मुडपला की तोच ताणल्या जाते. सूज हळूहळू येऊन राह्यली, हे चांगलं लक्षण हाय. एक-दोन तासात गुडघा टम्म फुगला तर आत रक्त भरलं असं समजाचं, आन मंग घरी थांबाचं नाई.

भाऊ (वर्धा): हे सगळे नीट वाचा. माझं तसंच झालं होतं. कबड्डी खेळताना कट् वाजलं, घरी येईपर्यंत गुडघा नारळाएवढा. म्या दोन महिने चोळून घेतला. सूज उतरली, वाटलं बरा झाला. मंग बैलबंडीवरून उतरताना गुडघा अचानक सटकला, पुन्हा शेतात सटकला. एमआरआय केला तवा समजलं, आतला मधातला लिगामेंट पुरा तुटला हाय. ऑपरेशन झालं, पुढचे नऊ महिने व्यायामात गेले. चोळणाऱ्याचा दोष नाई म्हणत मी, त्याले आतलं कसं दिसंन? पण गुडघा सटकते ही गोष्ट म्या कोणाले सांगितलीच नाई, लाज वाटली. तसं करू नका.

मोठे बाबा: चालते म्हणजे हाड शाबूत हाय. मंग फोटो काढाची गरज काय? सोयाबीन पडून हाय अंगणात, गाडी कोण नेईन?

ताई: मोठे बाबा, कॅनडातल्या ओटावा शहरच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या एक्स-रेसाठी साधे नियम बसवले हायत, जगभर वापरतात. चार पावलं टाकता येत नसतील, काटकोनात वाकत नसंन, वाटीच तेवढी दाबल्यावर दुखत असंन, पोटरीच्या बाहेरच्या हाडाचं वरचं टोक दुखत असंन, नाईतर वय ५५ किंवा जास्त असंन, यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे. मोठी आई ५८ ची हाय. या वयात बायांची हाडं ठिसूळ झालेली असतात, बारीक चीर गेली तरी माणूस चालते. ग्रामीण रुग्णालयात काढून आणा. सोयाबीन ताडपत्रीखाली एक दिवस राहीन.

वहिनी (सायंकाळी ६.४०): जाऊन आलो. हाड ठीक हाय. "काही झालं नाई" म्हणून आई लागल्या चुलीजवळ बसाले!

ताई: बसू देऊ नका! एक्स-रेत हाड दिसते, लिगामेंट आन दोन हाडांमधली गादी दिसत नाई. हाड मोडलं नाई एवढंच त्याचा अर्थ. स्वयंपाक ओट्यावर उभ्यानं नाईतर खुर्चीवर. पायखान्याले मधात भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची तालुक्याले मिळते, आजच आणाले सांगा. उकिडवं बसणं, मांडी घालणं, दोन्ही बंद.

दादा (पुणे): बर्फ लावू नये असं आता म्हणतात ना? मी वाचलं.

ताई: बरोबर वाचलंस दादा. आराम, बर्फ, पट्टी आन पाय उंच, हे सूत्र १९७८ मधी गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं मांडलं. पुढं त्यानंच सांगितलं, की बर्फानं बरं व्हायले उशीर होऊ शकते. कारण सूज म्हणजे शरीराची डागडुजीच असते. म्हणून मी बर्फ फक्त दुखणं कमी कराले देते. पहिले दोन दिवस, १० ते १५ मिनिटं, टॉवेलात गुंडाळून, उघड्या कातडीवर कधीच नाई. लाइन गेली असंन तर माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकंही चालते.

क्रेप पट्टी पोटरीपासून वर मांडीकडे गुंडाळा, झोपताना काढा. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. आन वहिनी, दुखण्याची गोळी दुकानातून आपल्या मनानं आणू नका. मोठ्या आईले बीपी हाय, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी वाढते, पोटाले आन किडनीले त्रास होते. पॅरासिटामॉल बरी, तेही डॉक्टरले बीपीची गोळी दाखवून.

गुरुवार

वहिनी: ताई, मी घाबरली. नीळ गुडघ्यावरून खाली पोटरीपर्यंत आली, मधात हिरवी-पिवळी. मार पसरून राह्यला का?

ताई: नाई वहिनी. सांडलेलं रक्त वजनानं खाली उतरते. काही दिवसांनी घोट्यापर्यंत दिसंन. जांभळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, मंग जाते. पोटरी दाबून पाहा. ती सुजून टणक झाली, गरम लागली, दुखली तर ती वेगळी गोष्ट, रक्ताची गाठ असू शकते. किंवा गुडघा लाल, गरम झाला आन ताप आला, तर रात्र असली तरी १०८ ले फोन करा.

वहिनी: पोटरी मऊ हाय. ताप नाई.

ताई: मंग आजपासून व्यायाम. मोठ्या आईले फोन द्या.

मोठी आई (बोलून लिहिलं): दुखते तं व्यायाम काय करू वं पोरी? डॉक्टरनं आराम सांगितला.

ताई: आराम म्हणजे खाट नाई, मोठी आई. गुडघ्यात सूज असली की मांडीचा समोरचा स्नायू काम सोडून देते, आन आठ दिवसांत पाहता पाहता बारीक होते. गुडघ्याले धरून ठेवणारा तोच हाय. दुखणं गेलं तरी तो कमजोर राह्यला तर पुन्हा पडशील.

पाय लांब करून बस. गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेव. गुडघा तिच्यावर दाब, पाच आकडे मोज, सोड. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमलं की दुसरा पाय दुमडून, दुखरा पाय सरळ एक फूट उचल. टाच गादीवर घासत जवळ आण, लांब ने. थोडं ओढल्यासारखं वाटंन, ते चालते. सुई टोचल्यासारखं दुखलं तर थांब.

आन काठी उजव्या हातात घे.

मोठे बाबा: डावा पाय दुखते आन काठी उजव्या हातात?

ताई: हो. डावं पाऊल आन उजव्या हातातली काठी संगंच पुढं. मंग डाव्या पायावरचा भार काठीवर जाते. काठी डाव्या हातात धरली तर अंग त्याच बाजूले झुकते. ओसरीची पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मोठे बाबा, हे तुम्ही पाठ करा, ती विसरते.

तीन आठवड्यांनी

वहिनी: आज सीतादही झाली, कापूस वेचाले लागाच्या आधीची शेतातली पूजा. आई बंडीत बसून शेतात आल्या, दही त्याइनंच वाह्यलं. बांधापर्यंत काठीनं चालल्या. आता उद्यापासून वेचाले येतो म्हणतात.

ताई: सायंकाळी दोन्ही गुडघे जवळ जवळ ठेवून फोटो टाका. आजच्या चालण्यानं सूज वाढली का, त्यावर ठरवू. रात्री वाढून सकाळी उतरली नाई तर जास्त झालं.

वहिनी: हा घ्या फोटो. दोन्ही सारखे दिसतात. वाटी दाबली तर दुखत नाई. आतल्या अंगाले थोडं. पलटताना जास्त.

ताई: वळताना दुखते म्हणजे पट्टा अजून कच्चा हाय. हलकी मुरगळ दोन-तीन आठवड्यांत भरते, मधली सहा आठवडे घेते. मोठ्या आईची मधली दिसते. वेचणी उभ्यानं असते, म्हणून एकदम नाई म्हणत नाई. पण तास-दीड तासच, ओल्या वावरात नाई, भेगाळल्या जमिनीत नाई. कापसाच्या ओळीच्या टोकाले पायावर गिरकी घेऊन वळू नको, लहान पावलं टाकत वळ. आन ओटी भरू नको. कंबरेले बांधलेलं ते वजन गुडघ्यावरच येते.

भाऊ: आन सटकलं तर त्याच दिवशी सांगजो, मोठी आई. कोणी रागावणार नाई.

मोठी आई (बोलून लिहिलं): सांगीन. ओटी अर्धीच भरतो. दुसऱ्या वेच्याले पाहू.