फक्त सीईटीवर प्रवेश? घाटंजीतून पाहिलं तर
बारावीला कॉपी चालते म्हणून अभियांत्रिकीसारखे प्रवेश फक्त सीईटीवरच, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवरच हवेत, असं काही जण म्हणतात. कॉपीचं खरं आहे, पण त्यानं प्रश्न सुटत नाही. अभियांत्रिकीला बारावीत खुल्या गटासाठी 45% पुरतात, पुढचं सगळं सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे इतरांच्या तुलनेत कुठे आहात त्यावर. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीसारख्या गावात मुलांचं नाव इथल्या ज्युनिअर कॉलेजात आणि मुलं अमरावती-नागपूरच्या क्लासात. कापसाच्या पैशात ज्यांना ती फी झेपत नाही, ती इथंच, रिकाम्या वर्गात. मास्तर तरी कोणाला शिकवणार? त्यात सीईटी संगणकावर, आणि सरावाला संगणक नाही. मेडिकलचा 70:30 प्रादेशिक कोटाही (70% जागा त्याच विभागातल्या मुलांना) 2020 मध्ये काढला. बारावीच्या गुणांना प्रवेशात वजन द्या, आणि कॉपीची केंद्रं खरंच बंद करा.