आजीच्या ट्रंकेतल्या वस्तू रोजच्या वापरात आणायच्या आहेत, सल्ला हवा आहे

पडवी (धागाकर्ती)

नमस्कार. वाईचे आमचे आजोळ यंदाच्या उन्हाळ्यात रिकामे झाले. घर सोडण्यापूर्वी मामांनी सगळ्या भाचरांना बोलावून ज्याला जे हवे ते न्यायला सांगितले आणि आजीची पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली. तिच्यात चार सुती नऊवारी लुगडी आहेत, त्यातली दोन बरीच विरली आहेत. एक इरकली आणि एक जरीकाठी रेशमी लुगडे आहे, दसुतीवर फुल्यांच्या टाक्याने भरलेली मोरांची जोडी आहे, सारीपाटाचा कापडी पट आहे आणि एका पिशवीत कवड्या व सागरगोटे आहेत. शिवाय दोन पितळी पातेली, एक घंगाळ आणि एक सागवानी पाट मी मागून घेतला.

आम्ही ठाण्यात टू बीएचकेमध्ये राहतो. घरात आम्ही दोघे, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. या वस्तू काचेच्या कपाटात मांडून ठेवाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. माझ्या आठवणीतली आजी कधी वस्तू मांडत नसे, ती त्या वापरत असे. दुपारची जेवणे उरकली, भांडी पालथी पडली, की माजघरात खिडकीखाली चटई टाकून ती गोधडीला टाके घालायला बसे आणि आम्ही नातवंडे तिच्या सुईत दोरा ओवून देण्यासाठी भांडत असू. त्या दुपारीतले थोडे तरी माझ्या घरात यावे अशी इच्छा आहे. कापडाचे काय करावे, पितळेत खरोखर स्वयंपाक करता येतो का आणि रविवारच्या संध्याकाळी या खेळांचे काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सुईदोरा

ताई, गोधडीपासूनच सुरुवात करा, कारण विरलेल्या सुती लुगड्याचा याहून योग्य उपयोग मला तरी माहीत नाही. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. लुगडे लांबीत चौपदरी घातले की सुमारे दोन मीटर लांबीचे आणि लुगड्याच्या पन्ह्याइतके रुंद असे एका माणसाचे पांघरूण आपोआप तयार होते. चौघडी हा शब्द या चार घड्यांवरूनच आला आहे. मध्ये कापूस घालावा लागत नाही, आणि वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेल्या सुताची जी ऊब असते ती विकतच्या रजईला येत नाही.

आधी लुगडे धुऊन कडक उन्हात वाळवा. रंग जातो का हे पाहण्यासाठी पांढरे ओले फडके काठावर दाबून धरा. फडक्यावर डाग उमटला तर ते लुगडे गोधडीच्या आतल्या पदरात घाला. मग फरशीवर अंथरून मधून कडेकडे हात फिरवत सगळ्या सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतराने कच्चा दोरा घालून चारही पदर एकमेकांना धरून ठेवा. ही पायरी कंटाळून गाळली, तर शेवटी एक कोपरा फुगलेला आणि दुसरा ओढला गेलेला दिसतो. त्यानंतर कडेपासून धावदोरा सुरू करून बोटभर अंतराच्या ओळींनी चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत यायचे. दोरा सुती आणि दुहेरी घ्या आणि प्रत्येक वेळी मेणाच्या तुकड्यावरून ओढा, म्हणजे तो गुंतत नाही. विरलेली जागा आली की दुसऱ्या लुगड्याचे ठिगळ लावा. ते लपवायची गरज नाही, उलट गोधडीचे रूप ठिगळांमुळेच खुलते. रोज तासभर बसून मला पहिल्या गोधडीला दोन महिने लागले होते.

आपल्या शेजारी, उत्तर कर्नाटकात यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या कवंदी शिवतात, त्यांची पद्धतही कडेकडून आत येण्याची आहे. चारही कोपऱ्यांना त्या घड्या घातलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. मी माझ्या दुसऱ्या गोधडीला तसे कोपरे लावले आणि ते फार शोभले.

रेशमी लुगड्याविषयी मात्र हात जोडून सांगते, ते कापू नका. माझ्या आजीचे एक जांभळे लुगडे मी उशांचे अभ्रे करण्यासाठी एका दुकानात दिले. अभ्रे देखणे झाले, पण पाहुणे टेकून बसताच जुन्या घडीच्या रेषेवर रेशीम टरकन फाटले आणि महिन्याभरात तीनही अभ्रे टाकावे लागले. जुने रेशीम घडीवरच कमकुवत झालेले असते, ताण पडला की तिथेच जाते. तुमचे लुगडे मलमलीच्या कापडात गुंडाळून ठेवा, वर्षातून दोन-तीनदा उघडून सावलीत वारा द्या आणि दर वेळी घडी बदला. जवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. इरकली धडधाकट असेल तर सरळ नेसा.

तांब्याचाहंडा

पितळेत स्वयंपाक जरूर करता येतो, पण कल्हईशिवाय नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक असे आंबट काही त्यात पडले की पदार्थ कळकतो आणि असा पदार्थ पोटात जाऊ नये. तुमची पातेली आतून काळपट-पिवळी दिसत असतील तर कल्हई उडालेली आहे. ती आतून पांढऱ्या चांदीसारखी चमकायला हवीत.

कल्हई लावताना मुलाला अवश्य सोबत न्या, कारण पाहण्यासारखे काम आहे. कल्हईवाला भांडे आधी घासून स्वच्छ करतो, भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर तापवतो आणि त्यात नवसागराची पूड टाकतो. पांढऱ्या धुराचा लोट उठतो. लगेच तो कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवतो आणि विरघळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवतो. क्षणभरापूर्वीचे पिवळे भांडे आपल्या डोळ्यांदेखत पांढरे होते. मग ते चर्र करून पाण्यात जाते. काम ठरवताना शुद्ध कथीलच वापरणार का हे स्पष्ट विचारा, कारण स्वस्तात उरकण्यासाठी शिसे मिसळले जाण्याची भीती असते.

पुढची काळजी अशी. कथील 232 अंश सेल्सियसला वितळते, म्हणून रिकामे पातेले मोठ्या गॅसवर तापत ठेवू नका आणि त्यात कडकडीत फोडणी करू नका. वरण, भात, खीर, दूध यांसाठी ते उत्तम. फोडणी लोखंडी पळीत करून वरून घाला. आतून तारेची घासणी लावू नका. बाहेरून चिंच आणि मीठ लावले की पितळ लखलखते. रोज वापरात असलेल्या भांड्याला मी वर्षातून एक-दोनदा कल्हई करून घेतो.

घंगाळाला पोचे आले असतील तर पुण्याला जाल तेव्हा कसबा पेठेतल्या तांबट आळीत दाखवा. तिथे आजही हातोडीचे ठोके ऐकू येतात, आणि ठोक्यांची नक्षी उठवण्याच्या त्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. पोचे काढताना भांड्याच्या अंगावर जी उजळ ठिपक्यांची रांग उमटते ती मला मूळ भांड्याइतकीच प्रिय आहे. घंगाळाचा उपयोग मात्र आंघोळीसाठीच करा, निदान दिवाळीच्या पहाटे. त्यात कृत्रिम फुले घालून ते कोपऱ्यात ठेवलेले मला पाहवत नाही.

ओटीवर

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण एक गोष्ट कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. स्टीलची भांडी बाजारात आली तेव्हा माझ्या आजीने पितळ आनंदाने माळ्यावर टाकले, कारण घरातल्या बारा माणसांची भांडी राखेने घासताना तिची बोटे फाटत असत. त्या काळच्या घराची शोभा ज्या कष्टांतून आली ते कष्ट एकट्या बाईचे होते. म्हणून पडवीताई, या वस्तू वापरात आणताना त्यांची कामे पहिल्या दिवसापासून वाटून घ्या. पातेले वापरले की ते घासण्याची पाळी यजमानांची, सुईत दोरा ओवायचे काम मुलाचे, असे ठरवा. नाहीतर सहा महिन्यांत तुम्ही थकाल आणि ट्रंक पुन्हा बंद होईल. सगळे एकदम काढूही नका. आधी एक पातेले आणि एक लुगडे पुरे आहे.

दसुतीवरच्या मोरांची चौकट करताना कापड पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवू देऊ नका. ते टाके घालून ताणून बसवायला सांगा, काच कापडाला टेकणार नाही इतकी फट ठेवायला सांगा आणि भिंत अशी निवडा की तिथे थेट ऊन येत नाही. पाटावर कुंड्या ठेवू नका. सागवान असले तरी पाण्याची वर्तुळे उमटतात आणि ती जात नाहीत.

सहाकवड्या

माझा जिव्हाळ्याचा विषय खेळांचा आहे. सारीपाटाच्या पटाला चार पट्टे असतात, प्रत्येकात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण 96 घरे आणि मधोमध सोंगट्या पिकून पोहोचतात तो चौक. सोंगट्या सोळा, चार रंगांच्या चार-चार. पिशवीत सोंगट्या नसतील तर रंगीत गुंड्या चालतील, खेळ अडत नाही. कवड्या टाकून खेळताना किती उताण्या पडल्या म्हणजे किती दान, हे घराघरांत वेगळे असे, म्हणून नियम छापील कागदावरून घेण्याआधी सासूबाईंना विचारा. आमच्याकडे हा प्रश्न विचारला आणि एरवी संध्याकाळी मुकाट्याने दूरदर्शनसमोर बसणाऱ्या माझ्या आईने तासभर तिच्या माहेरची दाने, त्यावरची भांडणे आणि एका आत्याबाईंची लबाडी असे सगळे सांगितले. त्या दिवशी डाव मांडलाच गेला नाही आणि त्याचे कोणालाही वाईट वाटले नाही.

सागरगोटे मुलाच्या हातात द्या. एक उंच उडवून तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे, आधी एकेक, मग दोन-दोन, इतके साधे ते आहे, पण डोळा आणि हात यांचा मेळ बसायला आठवडा जातो. फक्त खालच्या मजल्यावरच्यांच्या झोपेच्या वेळा सांभाळा आणि सतरंजीवर खेळा.

पुढे आणखी काही घ्यावेसे वाटले तर सावंतवाडीची गंजिफा पाहा. राजवाड्यात आजही कलाकार हे पत्ते हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफेत 120 गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. खेळ तिघांत रंगतो, आणि दिवसा ज्याच्याकडे राम त्याने, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याने सुरुवात करायची, ही रीत मला अतिशय आवडते, कारण डाव मांडण्याआधी खिडकीबाहेर पाहावे लागते. हाताने रंगवलेला जोड महाग असतो, पण घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्यावा अशी ती वस्तू आहे.

पडवी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत जेवढे झाले ते कळवते.

एका पातेल्याला कल्हई करून आणली. मुलगा सोबत होता आणि भांडे पांढरे होताना त्याने कल्हईवाल्या काकांना पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितले. त्यांनीही हौसेने शेजारच्या गिऱ्हाइकाचे भांडे घेऊन दाखवले. आता त्या पातेल्यात वरण होते आणि ते घासण्याची पाळी ओटीवर ताईंनी सुचवल्याप्रमाणे यजमानांकडे आहे. सारीपाटाची दाने सासूबाईंनी सांगितली. त्यांच्या माहेरी, कराडकडे, ती आजीच्या दानांपेक्षा वेगळी होती असे मामांना फोन केल्यावर कळले, म्हणून एका रविवारी वाईची आणि एका रविवारी कराडची दाने असे ठरले आहे.

विरलेल्या लुगड्यांपैकी हिरवे मी काल धुऊन फरशीवर अंथरले. सुरकुत्या काढताना पदराजवळ हाताला काहीतरी खरखरीत लागले. आजीने तिथे रुपयाएवढे ठिगळ लावले होते. हिरवा दोरा घरात नसावा, कारण टाके निळ्या दोऱ्याचे आहेत, आणि ते इतके बारीक आहेत की दोन टाक्यांमध्ये सुईचे टोकही बसत नाही. सुईदोरा ताई, ते ठिगळ वरच्या पदरात, बरोबर छातीशी येईल असे ठेवायचे आहे. घडी कुठून घालायला सुरुवात करू?

सुईदोरा

पदराचे टोक खाली घेऊन नव्हे, पदर सगळ्यात वर राहील अशी घडी घाला. पहिली घडी निऱ्यांच्या टोकाकडून सुरू करा, म्हणजे शेवटचा पट पदराचा येईल. ठिगळ नेमके कुठे येते ते पाहून मगच कच्चा दोरा घाला, आणि त्या ठिगळावरून तुमचा धावदोरा नेऊ नका. त्याच्या कडेने वळसा घालून पुढे जा.