गल्लीच्या संघात भाडेकरूला मत का नको?

मुलुंड_पूर्व
परवा रविवारी आमच्या गल्लीच्या रहिवासी संघाची सभा झाली. विषय दोनच: तुंबणारं गटार आणि नाक्यावरचे भाजीवाले. दुसऱ्या विषयावर हात वर करायची वेळ आली तेव्हा नऊ वर्षं इथे भाड्याने राहणाऱ्या एका बाईंनीही हात वर केला. चिटणीस म्हणाले, "ताई, तुम्ही भाडेकरू ना? मत मालकांचं." बाई हात खाली घेऊन बसल्या. भाजीवाले हटवावेत असं पत्र वॉर्ड ऑफिसला द्यायचा ठराव झाला. गटाराच्या वर्गणीची पहिली पावती याच बाईंच्या नावावर फाटली होती, हे कुणालाच आठवलं नाही.

आपल्याकडे एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, 1997 च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालं. गल्लीने ओला-सुका कचरा वेगळा करायचा, ओल्याचं खत करायचं, आणि पालिकेने गल्लीचं ऐकायचं, असा सौदा होता. कचऱ्याच्या डब्यावर कुणी सातबारा चिकटवला नव्हता. मग आता मतासाठी मालकी कशाला?

चौदा_वर्षं_चिटणीस
आमच्या भागात मीही हेच काम करतो, म्हणून लिहितो. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा. आज ठरावाला हात वर करणार, पुढच्या मे महिन्यात टेम्पोत सामान भरून डोंबिवलीला. वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवणार मी, फाइल कुठल्या टेबलावर अडकली ते शोधणार मी. रस्ता खोदून ठेवला तर किंमत माझ्या घराची उतरते. शिवाय सहकार कायद्यात भाडेकरू नाममात्र सभासद असतो, त्याला मत नसतं. चिटणिसांचं काय चुकलं?

थोडाफार_कायदा
साहेब, ते सोसायटीपुरतं. 1960 चा सहकार कायदा इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेला लागू होतो. गल्लीचा संघ ही वेगळीच चीज. कुठे 1860 च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था, कुठे ट्रस्ट, कुठे नुसतं लेटरहेड आणि रबरी शिक्का. सभासद कोण, हे त्याची घटना ठरवते. घटना कपाटात असेल तर काढून वाचा एकदा.

गिरणगावचा
मालक-भाडेकरू वाचून हसूच आलं. आमच्या बीडीडी चाळीत मालक कोण? सरकार! 1920 च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या चाळी, 160 चौरस फुटांची खोली, संडास मजल्याच्या टोकाला. तुमच्या नियमाने चाळीच्या सभेत एकट्या सरकारनेच हात वर करायचा.

या शहरात वस्तीने एकत्र येऊन काम करायची सवय भाडेकरूंनीच लावली. पाणी कधी येणार, नळावर नंबर कुणाचा, जिन्यातला दिवा गेला तर बल्ब कोण आणणार, पहिल्या पाळीच्या माणसाला झोप मिळावी म्हणून रात्री भजन किती वाजता थांबवायचं, हे सगळं चाळ कमिटी ठरवायची. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती 1893 चा, तोही चाळकऱ्यांचाच. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मग कित्येक मालकांनी डागडुजीकडे पाठ फिरवली. तेव्हा पत्रे बदलायला वर्गणी काढली ती भाडेकरूंनीच. बाय द वे, आमच्या चाळीत सर्वात कडक खजिनदार एक खानावळवाल्या मावशी होत्या. हिशेबात चार आणे कमी आले तरी सभा पुढे सरकायची नाही.

चौदा_वर्षं_चिटणीस
गिरणगावकर, तुमचे भाडेकरू तीन-तीन पिढ्या त्याच खोलीत. पागडी भरलेले. त्यांना अकरा महिन्यांच्या पंगतीत बसवू नका.

गिरणगावचा
आणि नऊ वर्षं राहिलेल्या बाई कुठल्या पंगतीत?

घाटकोपरची_सून
कोण मालक, कोण भाडेकरू याच्या आधी काम कोण करतं ते बघा. आमच्याकडे खताच्या खड्ड्याला वास यायला लागला की कोरडा पाला घालायला खाली उतरायच्या त्या तीन-चार बायका. त्या थकल्या, एक मुलीकडे पुण्याला गेली आणि संघ कागदावर उरला. अशा किती एएलएम नुसत्या फलकापुरत्या उरल्यात. ऑक्टोबर 2017 पासून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा असा पालिकेचा नियम आला, तेव्हा यंत्रं आली, पण गल्ली एकत्र आली नाही.

आणि संघाची ताकद कमी समजू नका. 2007 मध्ये जुहूच्या नागरिकांनी स्वतःचा उमेदवार, अडॉल्फ डिसूझा, पालिकेत निवडून पाठवला होता. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा तर दाद मागायला कित्येक गल्ल्यांना संघच उरला. म्हणूनच त्यात कोण बसतं ते महत्त्वाचं.

भाजीवाल्याचा_मुलगा
भाडेकरूला मत द्या की नको, यावर एवढी चर्चा. ज्याला हटवायचा ठराव झाला त्याला सभेला बोलावलं होतं का? माझे बाबा एका नाक्यावर पंचवीस वर्षं बसले. कोथिंबीर फुकट मागणाऱ्यांतच पत्रावर सह्या करणारे होते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर पथविक्रेता समिती सांगितली आहे, तीत किमान 40 टक्के विक्रेते हवेत, आणि रहिवासी संघांनाही जागा आहे. म्हणजे कायद्याने आपल्याला एका टेबलाशी बसवलंय. तुम्ही परस्पर पत्र देता.

चौदा_वर्षं_चिटणीस
एल्फिन्स्टनच्या पुलावर 2017 मध्ये 23 माणसं चेंगरून गेली, विसरलात? त्यानंतर हायकोर्टाने स्टेशनपासून 150 मीटरमध्ये फेरीवाले नकोत असं सांगितलं.

भाजीवाल्याचा_मुलगा
ती चेंगराचेंगरी अरुंद पुलावर झाली काका. आणि मुलुंडच्या या गल्लीचा नाका स्टेशनपासून किती लांब, ते धागाकर्त्यालाच विचारा.

मुलुंड_पूर्व
रिक्षाने जावं लागतं. 150 मीटरचा प्रश्नच नाही.

थोडाफार_कायदा
मूळ प्रश्न राहिला. त्या बाईंचं मत काय होतं, कुणी विचारलं?

मुलुंड_पूर्व
मी विचारलं काल, जिन्यात. थोडं अवघडच झालं. त्या म्हणाल्या, "हटवाच, सकाळी स्कूलबस वळत नाही." मी भाजीवाल्यांच्या बाजूचा, त्यामुळे माझ्याच धाग्यावर मी आपटलो. तरी मत त्यांना हवंच. पुढच्या सभेत मांडतो: एक वर्ष राहिलेल्या आणि वर्गणी भरलेल्या प्रत्येकाला मत.

चौदा_वर्षं_चिटणीस
एक नाही, तीन वर्षं. आणि पावत्या तिन्ही वर्षांच्या.

गिरणगावचा
दोनवर मिटवा. आणि नाक्यावरच्या माणसालाही सभेची चिठ्ठी द्या, तुमच्याइतकाच रोज तोही तिथे असतो.

चौदा_वर्षं_चिटणीस
दोनचा विचार करू. चिठ्ठीचं नंतर बघू.