अनुभव धागा: सगळ्यांचे हात वर गेले, मग माझाही

गेल्या वर्षी आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, गेटजवळचा कडुनिंब. पार्किंगला आडवा येतो म्हणून पाडायचा. 'मंजूर असेल त्यांनी हात वर करा.' मी शेजारणीकडे पाहिलं, तिने फरशीकडे. एक हात वर गेला, मग दुसरा, मग माझाही. नंतर जिन्यात एकेकाशी बोलताना कळलं, अकरापैकी सात घरांना झाड हवं होतं.

लाज याची वाटते की मी तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. सॉलोमन ॲशचा प्रयोग दर वर्षी फळ्यावर रेघा ओढून सांगितला. १९५१, अमेरिकेतलं स्वार्थमोर कॉलेज. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली बरोबरीची ओळखायची. शेंबडं पोरही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले. १८ पैकी १२ फेऱ्यांत ते एका सुरात चुकीची रेघ सांगायचे, आणि ज्याची परीक्षा चाललीय त्याचा नंबर शेवटाकडे. त्या फेऱ्यांतली साधारण ३७ टक्के उत्तरं घोळक्याच्या बाजूने गेली. चौघांपैकी तिघं निदान एकदा तरी घसरले. (चौथा एकदाही घसरला नाही, हे मी वर्गात घाईघाईत उरकायचे.) नंतर विचारल्यावर काहींना वाटलं होतं की आपलेच डोळे बिघडलेत. बऱ्याच जणांना दिसत होतं नीट, फक्त वेगळं पडायचं नव्हतं. मी या दुसऱ्यांतली.

लिहा तुमचंही. वाहून गेलात ते आणि अडून बसलात तेही. नावं नकोत, मोहल्ला सांगितला तरी पुरे.

महाल
ताई, आपलं तर्रीपोह्यावर झालं. कॉलेजचा पहिला आठवडा, पोट्टे घेऊन गेले ठेल्यावर. सगळे म्हणे 'अजून तर्री टाका भाऊ', मी बी म्हटलं. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, अन् तोंडाने काय, तर 'काही नाही बे, मस्त आहे!' चार वर्षं खाल्ली राजेहो. ॲसिडिटीची गोळी अजून चालू आहे.

मूळचा नंदनवन, सध्या पुणे
पुण्यात आल्या आल्या भाजीवाल्या मावशींना म्हटलं, 'दहा रुपयांचा सांबार द्या.' त्या म्हणाल्या, 'हॉटेल पलीकडे आहे.' आजूबाजूचे चार जण हसले. वाईट हसले नाहीत, सहज हसले. पण त्या दिवसापासून मी कोथिंबीर म्हणायला लागलो. मग 'करून राहिलो'चं 'करतोय' झालं, 'काऊन'चं 'का' झालं. कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं, मीच एकेक शब्द गुपचूप खिशात घातला. दिवाळीत घरी आलो तर आई सांबारवड्या लाटत होती. मी म्हटलं, 'सारणात कोथिंबीर जास्त झाली का गं?' आईचं लाटणं थांबलं. 'काय जास्त झालं?' बाबांनी पेपर खाली केला. मी काही बोललो नाही, वडी उचलून तोंडात टाकली. आता रेल्वे बुटीबोरीला आली की जीभ आपोआप बदलते, अन् परतीला तिथेच पुन्हा बदलते. कोणती खरी म्हणाल, तर मलाच सांगता येत नाही.

रामदासपेठ
गणिताचे क्लास घेतो. 'समजलं का?' विचारलं की बावन्न माना हलतात. एकदा चिठ्ठ्या वाटल्या, नाव न घालता हो किंवा नाही लिहा म्हटलं. एकतीस 'नाही' आले. आता दर शनिवारी चिठ्ठ्या. ताई, तुमच्या सोसायटीतही करून पाहायला हवं होतं.

धरमपेठ
संक्रांतीचं हळदीकुंकू, माझ्याच घरी. समोरच्या काकू आल्या होत्या. काका जाऊन वर्ष व्हायचं होतं. मीच ठरवून बोलावलं होतं, फार पुढारलेली असल्यासारखं. कुंकू लावत लावत एक बाई त्यांच्यापर्यंत आली आणि करंडा तसाच घेऊन पुढच्या खुर्चीकडे वळली. काकूंनी पदर सारखा केला, जणू तेवढंच काम राहिलं होतं. आम्ही आठ जणी बघत होतो. मी वाणाच्या वाट्या मोजायला लागले, मोजलेल्याच पुन्हा. तेवढ्यात माझी धाकटी जाऊ उठली, एरवी माझ्यापुढे तोंड न उघडणारी. त्या बाईच्या हातून करंडा घेतला, काकूंना कुंकू लावलं, म्हणाली, 'काकू, तीळगूळ घ्या.' मग आणखी एक उठली, मग तिच्या शेजारची. मग मी. माझ्या घरात मी चौथी होते.

धागाकर्ती
धरमपेठच्या ताई, ॲशने हेही करून पाहिलं होतं. घोळक्यात एकच माणूस खरं उत्तर देणारा ठेवला, तर चुका जवळपास पाव उरल्या. गंमत म्हणजे त्या एकाने घोळक्यापेक्षा वेगळं, पण चुकीचंच उत्तर दिलं तरी शेजारच्याला धीर यायचा. आणि रामदासपेठचे सर, उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं तेव्हाही लोक पुष्कळ कमी वाहवले. चिठ्ठी मला सुचायला हवी होती, खरंच.

इतवारी
लोकांच्या मागे जाण्यात एवढं काय वाईट? अनोळखी जागी तेच शहाणपणाचं. आता माझं ऐका. गणेशपेठ स्टँड, जायचं भंडाऱ्याला. भोंग्यात काय बोलले कळलं नाही, दहा-बारा जण एका गाडीकडे धावले, मीही धावलो. खिडकी पकडून शेजारच्याला विचारलं, 'भंडारा ना?' तो म्हणे, 'हाव.' कंडक्टर आमच्यापर्यंत आला तोवर दिघोरी मागे पडली होती. गाडी उमरेडची! दोघंही उतरलो. त्यालाही भंडाऱ्यालाच जायचं होतं. म्हणे, 'तुम्ही एवढ्या जोरात धावले, मला वाटलं तुम्हाले माहीत असंल.'

महाल
😂 ताई, ते कडुनिंबाचं काय झालं शेवटी?

धागाकर्ती
पाडला. परवानगी आली, आणि एका सकाळी दोन तासांत सगळं आटोपलं. तिथे आता दोन गाड्या उभ्या राहतात. त्यातली एक आमची. मे महिन्यात दुपारी दार उघडायला जाते तेव्हा तापलेल्या हँडलला हात लावता येत नाही, रुमाल धरून उघडावं लागतं.